याह्याभाईंच्या वजनातला गूळ

कुसगावच्या मशिदीत मागच्या भिंतीला लागून पाच खुर्च्या असतात. त्यांतल्या चार सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या. पाचवी याह्याभाई तांबोळींची, आणि याह्याभाई बावन्न वर्षांचे आहेत. आधीची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्याखाली ईदच्या खुतब्याच्या प्रवचनात, ऐन शांततेत मोडली, तेव्हा कमिटीनं एका शब्दानं न बोलता लोखंडी खुर्ची करून आणली. दुसऱ्या कुणी ती उचलू नये म्हणून पाठीवर पांढऱ्या रंगानं 'याह्याभाई' असं लिहूनही घेतलं. कमिटीचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूनं केलेला अपमान मात्र परत करता येत नाही, तो मुकाट्यानं घरी न्यावा लागतो. याह्याभाईंनी तो घरी नेला आणि जेवताना बायकोपुढे ठेवला.

"माणसाचं नाव दुकानावर असावं," ते हसिनाला म्हणाले. "खुर्चीवर नसावं."

खुर्चीत बसून केलेली नमाजही कबूल होते, हे त्यांना इमामसाहेबांनी तीनदा समजावलं होतं. त्याबद्दल त्यांची काही शंका नव्हती. पण गुडघे वाकेनासे झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्यांचं कपाळ जमिनीला टेकलं नव्हतं. पुढच्या रांगा एकदम खाली जात आणि मागे हे पाच जण खुर्चीत नुसते वाकून राहत, तेव्हा याह्याभाईंना फार एकटं वाटे. हे त्यांनी हसिनाशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात ते एवढंच सांगत की तब्येत जरा भरली आहे.

भरली होती ती एकशे तेरा किलो. हा आकडा अंदाजाचा नव्हता. याह्याभाईंचं गूळ-शेंगदाण्याचं ठोक दुकान. लोणावळ्यातल्या निम्म्या चिक्कीवाल्यांचा माल त्यांच्या वखारीतून जातो आणि वखारीतल्या काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का बसतो. त्या काट्याला वडिलांच्या काळापासून एक नियम होता. बोललेलं वजन भरलंच पाहिजे. पोतं सुकून अर्धा किलो कमी भरलं तर वरून मूठ-मूठ भर घालायची, काटा गिऱ्हाइकाकडे झुकेपर्यंत. या भरीमुळे तांबोळींच्या दुकानाचं नाव पार देहूरोडपर्यंत होतं. पुढचं सगळं रामायण घडलं तेही या भरीमुळेच.

सुरुवात मात्र उझमानं केली. उझमा त्यांची मुलगी, पुण्याला हॉस्टेलवर राहून फार्मसी शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती एका हॉस्पिटलची माहिती घेऊनच.

"अब्बा, पोट कापत नाहीत," ती म्हणाली. "तोंडातून दुर्बीण घालतात आणि जठर आतल्या आत शिवून लहान करतात. बाहेर टाका नाही, व्रण नाही. एक-दोन दिवसांत घरी. त्याच्यावर संशोधन चाललंय, साठ माणसं निवडणार आहेत."

हसिनाचं मत स्पष्ट होतं. "त्या साठांचं बरं झालं की एकसष्टावे तुम्ही जा."

याह्याभाईंना मात्र ही शस्त्रक्रिया एका दमात पटली, कारण त्यांचं आयुष्य पोती शिवण्यात गेलं होतं. पन्नास किलोचं पोतं मध्येच आडवं शिवून टाकलं की त्यात वीस किलोच मावतं, यात न समजण्यासारखं काय आहे? दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला रिकामं पोतं आणि दाभण घेऊन ही शस्त्रक्रिया करून दाखवू लागले. चिक्कीवाले शेंगदाण्याचा भाव विचारायला येत आणि जठराची माहिती घेऊन जात. आठवडाभरात कुसगाव, वळवण आणि अर्ध्या लोणावळ्याला कळलं की याह्याभाई संशोधनात जाणार आहेत. काहींना ते स्वतः संशोधन करणार आहेत असंही कळलं. तो गैरसमज याह्याभाईंनी दूर केला नाही.

शंका काढली ती एकट्या दत्तोबांनी. दत्तोबा औंढ्याचे शेतकरी, वयानं सत्तरीला टेकलेले, पण पाठीचा कणा बांबूसारखा. दोघांच्या वडिलांपासूनची दोस्ती. तिकडून इंद्रायणी तांदूळ यायचा, इकडून गूळ जायचा.

"पन याह्याभाई," दत्तोबा पोत्याच्या तोंडात डोकावून म्हणाले, "पोतं आतनं शिवायचं म्हंजी शिवनारा आत पायजे की."

"आबा, दुर्बीण असते."

"दुर्बिनीनं दिसंल. शिवल कोन?"

याह्याभाईंनी चहा मागवला.

पुण्याच्या हॉस्पिटलात संशोधनाचं काम बघणाऱ्या बाईंचं नाव चैताली. वय तिशीच्या आत, बोलणं गोड आणि हातात अठरा पानांचा अर्ज. तिनं उंची मोजली, वजन घेतलं, अर्जावर '११३ किलो' लिहिलं आणि त्याखाली याह्याभाईंची सही घेतली. अर्जावरची ती एक ओळ आहे, असं चैतालीला वाटलं. याह्याभाईंच्या लेखी तो शब्द होता. माल एकशे तेरा किलो बोलला, सही झाली.

"काका, शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय," चैताली म्हणाली. "आमच्या प्रकल्पात आधी तीन महिने आहार आणि व्यायामाचा प्रयत्न करावा लागतो, कुणाच्या तरी देखरेखीखाली. त्यानं फरक पडला नाही, तरच पुढे जाता येतं. तीन महिन्यांनी तुमच्या उंचीला वजन एकशे आठच्या खाली गेलेलं असलं, तर नाव घेता येत नाही."

याह्याभाईंनी नीट विचारून घेतलं. "म्हणजे प्रयत्न करायचा आणि नापास व्हायचं."

"प्रयत्न मनापासून करायचा, काका."

"तो मनापासूनच करू. पण नापास व्हायची काळजी तुम्ही करू नका."

या बाबतीत त्यांचा आत्मविश्वास पोकळ नव्हता. मध-लिंबू, हुलग्याचं कढण, एक वेळ जेवण, दोन वेळ उपास आणि मेव्हण्यानं, म्हणजे देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करणाऱ्या नवाजनं शिकवलेली पहाटेची कवायत, या सगळ्यांत पंधरा वर्षं ते सातत्यानं नापास होत आले होते. आजवर त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं नव्हतं एवढंच.

कागदपत्रांची यादी मोठी होती. दर आठवड्याला एकाच प्रमाणित काट्यावर वजन करून लिहायचं. खाल्लेला प्रत्येक पदार्थ वेळ आणि वजनासह वहीत लिहायचा. रोज तासभर चालायचं आणि त्यावर पर्यवेक्षकाची सही घ्यायची. काट्याच्या बाबतीत याह्याभाईंनी बाकी सगळ्या उमेदवारांना मागे टाकलं. लोकांनी बाथरूममधल्या काट्याचे फोटो जोडले होते. याह्याभाईंनी वखारीच्या काट्याचं सरकारी पडताळणी प्रमाणपत्र जोडलं, क्षमता तीनशे किलो.

पर्यवेक्षक म्हणून दत्तोबांची नेमणूक झाली. अर्जात 'पर्यवेक्षकाची शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता. त्यावर दोघं दुकानाच्या पायरीवर बराच वेळ विचार करत बसले.

"चौथी पास ल्ह्या," दत्तोबा म्हणाले. "आन फुडं ल्ह्या, पन्नास वर्सं बैल हाकल्यात. एक बी अवलाद चुकार निगाली न्हाई."

याह्याभाईंनी फक्त चौथी पास लिहिलं. दत्तोबांनी नेमणूक मात्र पूर्ण मनावर घेतली. कुसगावापासून औंढ्याच्या त्यांच्या शेतापर्यंत चालत यायचं, तिथं सही मिळेल, असा त्यांनी नियम काढला. पहिल्या दिवशी याह्याभाई वाटेत अकरा वेळा थांबले. त्यांतल्या चार वेळा मुंबईच्या गाड्यांनी थांबून धरणाचा रस्ता विचारला. एका गाडीतल्या बाईंनी तर त्यांचा घाम बघून पाण्याची बाटली दिली आणि "अंकल, रिक्षा करा ना" असा सल्लाही दिला. शेतावर पोचल्यावर त्यांनी वही पुढे केली. दत्तोबांनी सूर्याकडे बघितलं.

"तास झाला, पर त्यात निम्मा तुमी हुभं व्हता," ते म्हणाले. "ऱ्हायलेला अर्धा तास हितं भरा." आणि त्यांनी भाताची पेंढी हातात दिली. झोडणीचे दिवस होते.

दत्तोबांच्या बायकोला, सरुबाईंना, हे बघवलं नाही. "अवं, पावना हाय त्यो," त्या म्हणाल्या.

"पावना न्हाई, त्यो परयोग हाय," दत्तोबा म्हणाले. "सरकारी कागुद हाय माज्याकडं."

कागद सरकारी नव्हता, पण याह्याभाईंना दम लागला होता, म्हणून दुरुस्ती राहून गेली. झोडणी संपली तेव्हा बांध घालायचं काम निघालं, मग हरभऱ्याची खुरपणी. दत्तोबांनी सही कधी फुकट दिली नाही. सरुबाई रोज नाचणीची भाकरी पुढे करत आणि दत्तोबा तिचा चतकोर मोडून वहीत लिहायला लावत.

खरी पंचाईत केली ती त्या वहीनं. 'खाल्लेला प्रत्येक पदार्थ' या शब्दांचा अर्थ याह्याभाई पहिले दोन दिवस जेवण-नाश्ता-चहा असाच धरून चालले होते. मग उझमानं फोनवर विचारलं, "अब्बा, दुकानात चव बघता ते?"

"चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. तो धंदा आहे."

"लिहा."

बोललेलं वजन भरणारा माणूस लिहिण्यात कसर करणार नव्हता. तिसऱ्या दिवसाचं पान असं होतं: 'सकाळी ९.१०, शेंगदाणे, चव, ४० ग्रॅम. ९.२५, गूळ, चव, ३० ग्रॅम. ९.४०, शेंगदाणे, पहिल्या चवीची खात्री, ४० ग्रॅम. ९.५५, गूळ, गिऱ्हाइकाला सोबत, ३० ग्रॅम.' दुपारपर्यंत पान संपलं. सगळी बेरीज केल्यावर असं निघालं की याह्याभाई रोज जेवणाच्या आधी आणि जेवणाशिवाय पाऊण किलो माल चाखतात. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. आकडा तोच आला.

चाखणं सोडावं असा काही निश्चय त्यांनी केला नाही. पण प्रत्येक मुठीमागे चष्मा शोधा, मूठ तोला, घड्याळ बघा, पेन झटका, लिहा. शेंगदाणा तोंडात जायच्या आधीच माणूस थकून जाई. आठवड्याभरात हात पोत्याकडे जायचा आणि वही आठवून परत यायचा. याह्याभाई कंटाळ्यापोटी उपाशी राहू लागले आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सल्ल्यांची वही कुणी ठेवली नाही म्हणून बरं. मशिदीतल्या खुर्चीवाल्यांपैकी सर्वांत वयस्क अल्लाबक्षचाचांनी सांगितलं की पोट शिवून घेण्याआधी एकदा मनसोक्त बिर्याणी खाऊन घे, नंतर जागा राहणार नाही. नवाजनं देहूरोडहून कवायतीचं छापील वेळापत्रक पाठवलं. त्यात 'सावधान' आणि 'विश्राम' यांना प्रत्येकी पाच मिनिटं होती. याह्याभाईंनी विश्राम तेवढा पाळला.

वजन दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेआधी. पहिले तीन शुक्रवार काटा एकशे तेरावर शहाण्यासारखा थांबला. चौथ्या शुक्रवारी त्यानं एकशे अकरा किलो सहाशे दाखवलं. याह्याभाई खाली उतरले, फळी पुसली, परत चढले. तेच.

दुसऱ्या कुणा माणसानं इथं आनंद मानला असता. याह्याभाई मात्र तीस वर्षं मालाकडे बघत आलेले. थंडीत शेंगदाणा सुकतो, शंभर किलोला किलो-दीड किलो सुकवण धरावीच लागते, पावसाळी हवेत तेच वजन परत येतं. हे सगळं त्यांना पाठ होतं आणि माणूस काही याहून वेगळा नाही अशी त्यांची खात्री होती.

"सुकवण आहे," त्यांनी हसिनाला सांगितलं.

"मग आता?"

"एकशे तेरा बोललोय. सही केली आहे."

हसिना तांबोळ्यांच्या घरात सव्वीस वर्षं नांदली होती. तिनं एका अक्षरानं वाद घातला नाही. आत जाऊन गुळाचा खडा तोलून आणला, एक किलो चारशे, आणि नवऱ्याच्या हातात दिला. याह्याभाई खडा घेऊन काट्यावर चढले. काटा एकशे तेरावर आला. त्यांनी समाधानानं वहीत लिहिलं: 'याह्या १११ किलो ६००. भर, गूळ, १ किलो ४००. एकूण ११३.' लपवाछपवी तांबोळ्यांच्या धंद्यात कधी नव्हती. भर घातली की ती पावतीवर यायचीच.

पुढे दर शुक्रवारी माल थोडा सुके आणि भर थोडी वाढे. सातव्या आठवड्यात वेगळंच विघ्न आलं. काट्याचा वार्षिक शिक्का संपला आणि पडताळणीसाठी काटा दोन दिवस तालुक्याला न्यावा लागला, नेमका शुक्रवार धरून. वजन चुकवायचं नाही आणि बिनशिक्क्याच्या काट्यावर चढायचं नाही. जवळपास शिक्का असलेला दुसरा काटा एकच होता, जुन्या हायवेलगतचा ट्रकचा भुईकाटा. याह्याभाई गूळ हातात घेऊन त्या वीस हात लांब पत्र्याच्या मधोमध एकटे उभे राहिले. मागे विटांचा ट्रक हॉर्न वाजवत होता. केबिनमध्ये बसलेल्या बाजीरावनं खिडकीतून डोकं काढलं.

"गाडी कुटाय?"

"मीच आहे."

"भरलेली का रिकामी?"

हा प्रश्न याह्याभाईंच्या जिव्हारी लागला, पण त्यांनी तो धंद्याचा प्रश्न म्हणून घेतला. "भरलेली. चार किलो दोनशे माल आहे." भुईकाटा दहा-दहा किलोंनीच चालतो, त्यामुळे पावतीवर आलं: 'भरलेलं वजन ११० किलो. वाहन क्रमांक: याह्याभाई.' ती पावती त्यांनी वहीत चिकटवली आणि खाली तीन किलोंचा खुलासा लिहिला.

तीन महिने पूर्ण झाले. कुसगावच्या डॉक्टरांनी तोपर्यंत शिक्का मारून पत्रही दिलं होतं की रुग्णानं मनापासून प्रयत्न केलेला आहे. त्यांनी वही उघडली नव्हती. दवाखान्यासमोरून औंढ्याकडे चालत जाणारे याह्याभाई मात्र त्यांनी रोज पाहिले होते. याह्याभाई पुण्याच्या लोकलमध्ये बसले तेव्हा खिडकीशी दत्तोबा उभे होते.

"काय इचारलं तर म्हना, परयोगवाल्या दत्तोबानं एक बी दिस खाडा पाडला न्हाई."

याह्याभाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात वही, डॉक्टरांचं पत्र आणि आठ किलो दोनशे ग्रॅम गूळ होता. समोर बसलेल्या पोरीनं वासावरून ओळखून एक तुकडा मागितला, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गूळ मागणाऱ्या लेकराला नाही म्हटलं. तो माल मोजलेला होता.

हॉस्पिटलात उझमा दारातच भेटली. तिनं वडिलांकडे बघितलं आणि तिचा चेहरा जरा विचित्र झाला. तीन महिन्यांत ती परीक्षेमुळे घरी आली नव्हती. ती काही बोलणार तोवर आतून नाव पुकारलं.

"काट्यावर या, काका," चैताली म्हणाली. याह्याभाई चढले. "पिशवी खाली ठेवा ना."

"ती भर आहे."

"कसली भर?"

"माझीच. पिशवी आणि वही मिळून चारशे ग्रॅम, तेवढे वजा करा."

चैतालीनं काट्याकडे बघितलं, मग पिशवीत डोकावली. मग तिनं वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. वाचता वाचता खुर्चीत बसली. भुईकाट्याच्या पावतीशी आल्यावर तिनं तोंडावर हात धरला आणि वही घेऊन आत मोठ्या डॉक्टरांकडे गेली. उझमानं आता भिंतीकडे तोंड केलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे, हे याह्याभाईंना समजेना.

डॉक्टर साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी वही पूर्ण वाचून काढली आणि याह्याभाईंना आत बोलावून घेतलं.

"तांबोळी," ते म्हणाले, "गूळ खाली ठेवून तुमचं वजन एकशे चार किलो आठशे आहे."

"होय साहेब. सुकवण धरून."

"ही सुकवण नाही. तुम्ही आठ किलो कमी केलेत. तीन महिन्यांत."

"पण साहेब, एकशे तेरा बोललोय, ते पूर्ण भरून दिलंय. गूळ कोल्हापुरी आहे, तुम्ही बघा."

"गूळ उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तेवढ्यात एक तुकडा तोंडात टाकला होता. "पण जठर गुळाला नसतं. तुमचं नाव मला घेता येणार नाही. इतकं चांगलं चाललेलं असताना मी तुमच्या पोटात सुई घालणार नाही. पुढे वजन परत चढलं, गुडघे ऐकेनासे झाले, तर या. हे दार उघडं आहे. फक्त येताना एकटे या."

याह्याभाई उभेच राहिले. पंधरा वर्षं ज्या नापास होण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता, तिथंही त्यांना नाकारण्यात आलं होतं. माल परत आला की व्यापाऱ्याला काय वाटतं ते व्यापाऱ्यालाच कळतं, आणि इथं तर माल ते स्वतः होते. कुसगावात, वळवणला आणि अर्ध्या लोणावळ्यात त्यांनी पोतं शिवून दाखवलं होतं. आता सगळ्यांना काय सांगायचं?

"एक मागू का?" डॉक्टर म्हणाले. "या वहीची झेरॉक्स. आमच्याकडे सगळ्यांच्या वह्या येतात. सगळ्यांत शनिवार-रविवार कोरे असतात आणि लग्नसराईत तर कुणी काही खातच नाही. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांची दुसरी चव लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. संशोधनाला असली वही पाहिजे."

याह्याभाईंनी वही दिली. झेरॉक्स होईपर्यंत ते ताठ बसून राहिले आणि परत घेताना पानं मोजून घेतली.

लोणावळ्याला उतरून दुकानाशी येईपर्यंत दिवस कलला होता. दत्तोबा पायरीवर वाट बघत बसलेले.

"काय झालं?"

"नाही घेतलं."

दत्तोबांचा चेहरा पडला. "माजी सई चुकली का काय?"

"नाही आबा. वजन कमी भरलं."

दत्तोबांनी मित्राला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. रोज बघत असल्यामुळे आजवर त्यांनी तसं बघितलंच नव्हतं. मग ते उठले आणि धोतर झटकलं. "उद्या येळंवर या," ते म्हणाले. "हरभरा काढायचा हाय." आणि ते औंढ्याच्या वाटेला लागले.

याह्याभाई गूळ परत ठेवायला मागच्या वखारीत गेले. आठ किलो दोनशे, वजा डॉक्टरांनी खाल्लेला तुकडा. त्यांनी तो ढेपांच्या चळतीत ठेवला आणि मग सवयीनं काट्यावर पाय ठेवला. रिकाम्या हातानं. एकशे चार किलो आठशे. भर घालायला हात आपोआप चळतीकडे गेला आणि तिथंच थांबला.

तेवढ्यात मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजेची अजान झाली. मशिदीत जायचं म्हणजे पाच खुर्च्यांच्या रांगेत बसायचं आणि नमाज झाल्यावर सगळ्यांना उत्तरं द्यायची. आज त्यांच्यात तेवढं बळ नव्हतं. इथंच पढू, असं त्यांनी ठरवलं. हातपाय-तोंड धुऊन वजू करून आले, कोपऱ्यातली जानमाज अंथरली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वखारीत खुर्ची नाही. होती ती शेंगदाण्याची पोती, आणि ती सगळी छातीएवढ्या थप्प्यांत.

नमाज सुरू करण्याआधी जमतंय का ते बघावं म्हणून त्यांनी पोत्याला धरून एक गुडघा टेकवला. गुडघा कुरकुरला, पण टेकला. मग दुसरा. औंढ्याच्या शेतात हरभरा खुरपताना ते रोज असेच बसत होते, पण तिथं दत्तोबा मागे उभे असल्यामुळे ही गोष्ट मोजायला सवड मिळाली नव्हती. त्यांनी दोन्ही हात पुढे ठेवले, पोट आडवं येईल म्हणून श्वास रोखला आणि हळूहळू वाकत गेले. पोट मध्ये आलं नाही. कपाळ जमिनीला लागलं. जानमाजेखालची फरशी गार होती आणि तिला गुळाचा वास येत होता.

हसिना दिवा लावायला आली तेव्हा तिला दारातून नवऱ्याची पाठ तेवढी दिसली. ती धावतच आत आली.

"अहो, पडलात की काय? हात देऊ का?"

"नको," याह्याभाई जमिनीवरूनच म्हणाले. "थांब जरा. चार वर्षांनी आलोय इथं."